वर्षअखेरच्या येरझारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान कंपनीचा ‘एलिट’ दर्जा टिकवण्यासाठी वर्षाच्या शेवटी मुद्दाम जास्तीचे प्रवास कसे करावेत, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला आहे. लेखकाने माहिती नीट दिली आहे. लांबच्या वळणाचं तिकीट घ्यावं, सकाळी जाऊन संध्याकाळी परतावं, हातात एकच बॅग ठेवावी, वगैरे. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. माझी हरकत आहे ती मथळ्याखालच्या दोन शब्दांना: ‘कंपनीला चकवा’. हा चकवा मी स्वतः देऊन बसले आहे. त्यात चकलं कोण, हे लेखात आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी अंतर्गत लेखापरीक्षक आहे. शाखांमध्ये जाऊन व्हाउचरं तपासायची, गोदामातला माल मोजायचा, इतरांच्या टीए बिलांवर लाल टिकल्या मारायच्या, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. प्रवास नोकरीच्या खर्चाने होतो, पण सभासद क्रमांक माझ्या नावावर, म्हणून जमा होईल ते माझं. (खर्च एकाच्या नावे आणि लाभ दुसऱ्याच्या खाती, असा व्यवहार मला दुसऱ्या कुणाच्या वहीत दिसला असता तर मी फाइल पुढे जाऊ दिली नसती. विमानाच्या बाबतीत मात्र सगळं जग याकडे कानाडोळा करतं. मीही केला.)

ज्यांना या भानगडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमान कंपन्यांकडे आपली खाती दोन असतात. एक मैलांचं किंवा पॉइंटांचं. ते साठवून पुढे तिकीट घेता येतं. दुसरं दर्जाचं. ते खर्च करता येत नाही, फक्त मोजलं जातं. कुणी त्यात सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, मोजतं, कुणी अंतर, कुणी टियर पॉइंट (दर्जासाठीचे गुण), कुणी खर्च केलेली रक्कम. ठरावीक आकडा गाठला की सिल्व्हर, त्यापुढे गोल्ड, त्याच्याही वर आणखी काहीतरी चकचकीत. मग लाउंज, जास्तीचं सामान, आधी चढायला मिळणं आणि नशीब असलं तर वरच्या वर्गात जागा. पहिल्या खात्यातली शिल्लक निदान काही काळ तरी राहते. दुसऱ्या खात्यातली शिल्लक बहुतेक कंपन्यांत वर्ष संपलं की पुसली जाते. तीस सेक्टरांची अट असेल आणि तुमचे एकोणतीस झाले असतील, तर १ जानेवारीला तुमच्या खात्यात एकोणतीस नसतात. शून्य असतं.

२०२२ च्या डिसेंबरात माझे अठ्ठावीस होते.

अॅपमध्ये एक पट्टी असते. सोनेरी रंगाची, जवळजवळ भरलेली. तिच्याखाली ‘आता फक्त २!’ असं उद्गारचिन्हासह लिहिलेलं. त्या उद्गारचिन्हाने मला पंधरा दिवस झोपू दिलं नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण दिवसातून चार वेळा मी ती पट्टी उघडून बघायचे, हे खरं. शेवटी २७ तारखेचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. कुठलं, तर सगळ्यांत स्वस्त मिळालं ते. त्या गावात माझं काम नव्हतं, नातेवाईक नव्हते, बघायचं काही नव्हतं. विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचं नव्हतं.

जाताना १७सी मिळाली. आपल्याच दैनिकातलं शब्दकोडं मी अर्धं सोडवलं आणि उतरताना समोरच्या खिशात विसरले. उतरले, आगमनाच्या दारातून बाहेर पडले, वळसा घालून प्रस्थानाच्या दारातून आत शिरले, पुन्हा पट्टा, घड्याळ, फोन ट्रेमध्ये. पन्नास मिनिटांनी गेटवर उभी राहिले, तर तेच विमान. दारात तीच मुलगी. मला बघून तिचा चेहरा काळजीचा झाला.

‘‘मॅडम, काही राहिलं का विमानात?’’

‘‘नाही. परत चाललेय.’’

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मग हसली. डिसेंबरात अशी माणसं तिला रोज भेटत असणार. परतीला १८सी होती. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी खिशातून माझंच कोडं बाहेर काढलं, खिशाला लावलेलं पेन काढलं आणि आडवे सहा भरून टाकलं. चुकीचं. मागून मला ते स्पष्ट दिसत होतं आणि सांगायची सोय नव्हती. सांगणार काय? की हे कोडं माझं आहे, कारण तासापूर्वी मी इथेच बसून विरुद्ध दिशेला जात होते?

मुलगा सुट्टीला हॉस्टेलहून पाच दिवस घरी आला होता. रात्री दार उघडताना त्याने विचारलं, ‘‘आई, कुठे गेली होतीस?’’

‘‘कुठेच नाही,’’ मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

इथवर लेखकाने सांगितलं तसंच झालं. पुढचं त्यांनी सांगितलेलं नाही. ३० तारखेला अॅप उघडलं तर पट्टी फक्त एकाने सरकलेली. हेल्पलाइनवर अर्धा तास संगीत ऐकल्यावर एका शांत आवाजाने समजावलं. बोर्डिंग पासवर तारीख, वेळ, सीट यांच्या गर्दीत एक इंग्रजी अक्षर असतं. ते तिकिटाचा बुकिंग क्लास सांगतं. इकॉनॉमी एकच दिसत असली तरी तिच्या पोटात दहा-बारा भाव असतात आणि प्रत्येक भावाला आपलं अक्षर. जातानाच्या तिकिटाचं अक्षर दर्जासाठी धरलं जाणारं होतं. येतानाचं सवलतीतलं होतं. त्या अक्षराला मैल थोडे मिळतात, सेक्टर शून्य. नियमावलीत हे आहे. मी नंतर वाचलं. सही करण्याआधी मागची पानं वाचा, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना बजावत आले आहे.

मग काय करणार? इतकं घातलं, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं? आमच्या धंद्यात या विचाराला नाव आहे: बुडीत खर्चाच्या मागे धावणं. एकदा गेलेला पैसा पुढचा निर्णय घेताना मोजायचा नसतो, हे मी प्रशिक्षणात शिकवते. ३१ तारखेला मी पुन्हा विमानात होते. या वेळी अक्षर आधी बघून घेतलं, त्यामुळे तिकीट दुपटीने महाग पडलं. जाताना तीस झाले, येताना एकतीस. मुलाची परतीची गाडी त्या संध्याकाळची होती. मी उतरून फोन सुरू केला तेव्हा तो निम्म्या वाटेवर होता.

तो एकतिसावा सेक्टर लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येते.

मैल आणि दर्जाची ही योजना कंपन्यांना मुळात सुचली कशी, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांमध्ये भावयुद्ध सुरू झालं. भाडं कमी करून गिऱ्हाईक येतं, पण दुसऱ्याने आणखी कमी केलं की जातं. ते बांधून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अॅडव्हान्टेज’ सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली आणली. पुढे पायऱ्या आल्या, रंग आले. १९९७ मध्ये स्टार अलायन्स, १९९९ मध्ये वनवर्ल्ड, २००० मध्ये स्कायटीम अशा आघाड्या झाल्या आणि एका कंपनीचं कार्ड दुसरीच्या दारातही चालू लागलं. कार्डाची किंमत वाढली, तशी ते हातून जाण्याची भीतीही वाढली.

त्या भीतीला आणि त्या पट्टीला शास्त्र आहे. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड: आठ भरले की एक धुलाई फुकट. उरलेल्यांना दहा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दोन शिक्के फुकट मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आणि दुसऱ्या गटाने दोन धुलायांमधलं अंतरही कमी ठेवलं. ‘आपण निघालो आहोत’ एवढं वाटलं की माणूस पोचल्याशिवाय थांबत नाही. माझ्या पट्टीवरचं ‘आता फक्त २!’ कुणी सहज लिहिलेलं नाही.

तेव्हा, चकवा कुणाला? डिसेंबरात रिकामी जाणारी सीट मी विकत घेतली. सामान नाही, तक्रार नाही, उतरून परत चढले. कंपनीला याहून गुणी प्रवासी कुठे मिळणार? शिवाय या योजना आता तिकीटविक्रीच्या शेपटीला बांधलेली भेट राहिलेल्या नाहीत. बँका आपल्या क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि तो पैसा मोठा असतो. २०२० मध्ये महासाथीने विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने आपल्या योजनेवर ९ अब्ज, आणि २०२१ मध्ये अमेरिकनने १० अब्ज. विमानं उडत नसताना ज्या गोष्टीवर सावकार एवढा पैसा देतो, ती गोष्ट तोट्यात चालणारी नसते, एवढं लेखापरीक्षकाला कळतं. आपण चकवतो आहोत असं वाटून घेणाऱ्यांचा त्या तारणात वाटा आहे.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं: हे जुने दिवस झाले, आता कंपन्या अंतर किंवा फेऱ्या नाही, पैसा मोजतात, त्यामुळे स्वस्त तिकिटाची युक्ती मेली. अर्धं खरं आहे. डेल्टाने २०२४ पासून दर्जा केवळ खर्चावर बांधला. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून साधारण एका पौंडाला एक टियर पॉइंट असा हिशेब धरला आणि गोल्डसाठी २०,००० पॉइंटांची अट ठेवली. पण यातून उलटच झालं. पूर्वी वर्षअखेरीला माणूस स्वस्त आणि लांबचं तिकीट शोधायचा; आता तो महाग तिकीट शोधतो. गरज नसताना वरच्या वर्गातून जातो, जानेवारीचा प्रवास डिसेंबरात ओढतो. वर्षाच्या टोकाला कडा आहे तोवर माणसं त्या कड्याकडे धावणार.

आणि कंपन्यांना ही धावपळ नको असते, असंही समजू नका. स्कँडिनेव्हियाची एसएएस १ सप्टेंबर २०२४ ला स्टार अलायन्समधून स्कायटीममध्ये गेली. त्या निमित्ताने तिने शर्यतच लावली: ८ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात स्कायटीमच्या १५ वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांतून प्रवास करा आणि १० लाख पॉइंट घ्या. काही लोक कामधंदे बाजूला ठेवून जगभर भिरभिरले. पुन्हा तीच ३१ डिसेंबर.

‘विमान असंही जाणारच होतं, मी बसले काय नि नाही काय,’ हा युक्तिवाद मी स्वतःला २७ तारखेच्या रात्री सुनावला होता. त्या एका फेरीपुरता तो टिकतो. पण पुढच्या हंगामात कुठल्या मार्गावर किती फेऱ्या ठेवायच्या हे कंपनी मागच्या हंगामातल्या भरलेल्या जागा पाहून ठरवते. तिथे मी एक भरलेली जागा आहे. मी का बसले होते, हा रकाना तिच्या तक्त्यात नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानवाहतुकीच्या कार्बन उत्सर्जनाचा निम्मा भार वरच्या एक टक्का लोकांचा. त्या एक टक्क्यात मी नसेन, पण ज्यांना डिसेंबरात ‘आता फक्त २!’ दिसतं ती मंडळी फार लांबची नव्हेत. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१९ साली तयार झालेल्या अहवालाने तर अशा योजनांवर बंदीच घालावी असं सुचवलं होतं, कारण दर्जा राखण्यासाठी माणसं गरज नसताना उडतात. नॉर्वेने देशांतर्गत प्रवासावर पॉइंट देणं २००२ पासून दहाएक वर्षं बंद ठेवलं होतं, पण ते स्पर्धा निकोप राहावी म्हणून. धुराचा त्यात संबंध नव्हता.

मी बंदी मागत नाही. महिन्यातले बारा दिवस बाहेर काढणाऱ्या माणसाला लाउंजमधल्या खुर्चीची किंमत विचारा. रात्री अकराला फेरी रद्द होते आणि खिडकीवरचा माणूस आपलं नाव घेऊन ‘तुमची सोय केली आहे’ म्हणतो, तेव्हा ते कार्ड खिशात असल्याचा आनंद होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. (हल्ली अग्रक्रमाची रांगच साध्या रांगेहून लांब असते, हा भाग वेगळा. सगळेच पहिले असले की पहिलं कोण चढणार?)

माझी मागणी बारीक आहे आणि माझ्या धंद्यातली आहे. शिल्लक पुढे ओढा. कुठलीही वही बंद करताना शेवटचा आकडा पुढच्या वर्षाच्या पहिल्या ओळीत येतो. तो फेकून देणाऱ्या कारकुनाला कुणी ठेवून घेणार नाही. माझा एकतिसावा सेक्टर, ज्याचे पैसे मी भरले, जो उडाला, ज्याची नोंद झाली, तो १ जानेवारीला कुठे गेला? आणि तिशी गाठली नसती तर एकोणतीसच्या एकोणतीस कुठे गेले असते? वरकड शिल्लक पुढच्या वर्षात नेली, किंवा कॅलेंडराऐवजी मागचे बारा महिने सरकत मोजले, तर डिसेंबरातल्या रिकाम्या येरझारांचं कारणच उरत नाही. हे अशक्य नाही. डेल्टाकडे वरकड मैल पुढे नेण्याची सोय अनेक वर्षं होती. नव्या नियमांत ती गेली. म्हणजे जमत होतं, तरी काढून टाकलं.

दुसरं, जाऊन त्याच दिवशी त्याच विमानाने परतणाऱ्याला दर्जासाठी काही देऊ नका. कामासाठी असं जाणारे विरळाच. त्यांची थोडी गैरसोय होईल, ती मी सोसायला तयार आहे. तिसरं, त्या बुकिंग क्लासच्या अक्षराशेजारी तिकीट काढतानाच स्पष्ट लिहा: ‘दर्जासाठी धरले जाणार नाही.’ सीट निवडायला पैसे लागतील हे सांगताना अक्षरं किती ठळक असतात, बघा.

आणि एक विनंती आपल्याला. पुरवणीत असे लेख जरूर छापा, पण सोबत हिशेब छापा. माझा झाला तो असा: चार सेक्टरांची भाडी, चार वेळा विमानतळापर्यंत गाडी, कामाचे दोन दिवस रजा, वर मुलाच्या पाच दिवसांतले दोन. जमेच्या बाजूला: पुढच्या वर्षी आमच्या खात्याने निम्मी तपासणी व्हिडिओ कॉलवर आणली, त्यामुळे कार्ड लाउंजमध्ये मी फक्त चार वेळा दाखवलं. लाउंजच्या दारावर एकवेळच्या प्रवेशाचा दर लिहिलेला असतो. त्या दराने चार वेळचे पैसे माझ्या भाड्याच्या निम्म्यालाही पुरत नाहीत. वरच्या वर्गात जागा एकदाही मिळाली नाही. त्यानंतरच्या वर्षी कंपनीने नियम बदलून खर्चावर आणले आणि सोनेरी पट्टी आपोआप निळी झाली.

पूर्ण तक्ता माझ्याकडे तयार आहे. छापायला हवा असेल तर पाठवते. त्यात चारही बोर्डिंग पासांच्या प्रती जोडल्या आहेत आणि ते अक्षर कुठे असतं, तिथे लाल शाईने गोल केला आहे.

आपली,
एक अंतर्गत लेखापरीक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे)